खग्रास ग्रहणाचा मुक्काम: आखीव शिबिर की स्वतःचा तंबू?

खग्रास सूर्यग्रहणाला जायचं नक्की झालं, देश ठरला, आदली रात्र हॉटेलात न काढता उघड्यावर काढायची यावर घरात एकमतही झालं, की गाडी एका प्रश्नावर येऊन अडते. कुणीतरी आखून दिलेल्या शिबिरात जागा घ्यायची, की आपलाच तंबू उचलून मोकळ्या रानात जायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. २१ ऑगस्ट २०१७ चं ग्रहण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, एका मोठ्या शिबिरातून. आणि ८ एप्रिल २०२४ चं आर्कान्सात, एका शेतकऱ्याच्या कुरणात तंबू ठोकून. दोन ग्रहणांच्या जोरावर नियम सांगता येत नाही, हे मान्य. पण दोन्हींतला फरक इतका ठळक होता की लिहून ठेवावासा वाटला.

चष्मा कोणता घ्यायचा, तो कधी काढायचा, ९९ टक्के ग्रहण म्हणजे खग्रास का नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी शिबिराची बाजू, आणि ती भक्कम आहे. जागा राखून ठेवलेली असते, त्यामुळे सहा महिने आधीपासून डोक्याला घोर नाही. पाणी असतं, शौचालयं असतात, कुणाला चक्कर आली तर बघणारं कुणी असतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणसं. आमच्या शेजारच्या तंबूतल्या आजोबांकडे हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे सूर्याचा फक्त एक ठरावीक लाल रंग आरपार सोडणारी, दुर्बीण होती. त्यांनी माझ्या मुलीला स्टुलावर उभं करून सूर्याच्या कडेवरची ज्वाला दाखवली. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, आणि ती ज्वाला तिला आजही आठवते. पहिल्यांदाच खग्रास बघणाऱ्याला आणखी एक सोय होते. संमीलनाच्या क्षणी, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला गेला की, कुणीतरी जाणकार मोठ्याने ‘चष्मे काढा’ म्हणून ओरडतो. एकट्याने गेलेली कित्येक माणसं घाबरून चष्मा काढतच नाहीत आणि दोन मिनिटं काळ्या काचेत काळोख बघत बसतात. शिबिरात तसं सहसा होत नाही.

मग बिनसलं कुठे? दिव्यांपाशी.

आमच्या तंबूपासून साठ-सत्तर पावलांवर शौचालयांची रांग होती, आणि रांगेच्या दोन्ही टोकांना जनरेटरवर चालणारे उंच खांबांचे दिवे. अंधार पडला की आपोआप लागणारे. आदल्या दोन रात्री ते पहाटेपर्यंत जळत होते. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच होतं, म्हणजे त्याच्या आगेमागे दोन-तीन रात्री आकाश ऐन काळंभोर असतं. त्या कोरड्या प्रदेशात आकाशगंगा डोळ्यांत भरायला हवी होती. आम्हाला ती बघायला तंबूंच्या रांगा ओलांडून पार कुंपणापर्यंत जावं लागलं. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सगळं लक्ष सकाळकडे होतं.

सकाळी दहा वाजून गेले. ग्रास नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला तसा उजेड वेगळाच झाला, संध्याकाळसारखा पिवळा नाही, तर नुसता फिका पडलेला. हाताच्या सावलीत एकेक केस मोजता येत होता. चंद्राची सावली पश्चिमेकडून ताशी हजारो किलोमीटर वेगाने येते, ती येताना बघायची म्हणून मी मुद्दाम पश्चिमेच्या डोंगरांकडे तोंड करून उभा होतो. ती आली. डोंगर एका श्वासात निळे-काळे झाले. आणि त्याच क्षणी खांबांवरचे दिवे भक्कन लागले.

त्या दिव्यांच्या दृष्टीने रात्र झाली होती. त्यांत उजेड मोजणारा सेन्सर असतो, त्याने त्याचं काम केलं. आमच्या पायांखाली पुन्हा सावल्या पडल्या, पांढऱ्या दिव्याच्या. मुलीने माझा हात ओढून विचारलं, “बाबा, दिवे कुणी लावले?” तिला उत्तर देताना मी वर बघायचं सोडून तिच्याकडे बघत होतो. त्या ग्रहणात आमच्या जागी पूर्ण काळोख जेमतेम दोन मिनिटांचा होता. त्यातली दहा-पंधरा सेकंद तिथे गेली.

न्यायाने सांगायचं तर करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, दिसला. तो तेजस्वी असतो, खांबावरच्या दिव्याने लपत नाही. उजवीकडे वर शुक्रही दिसला. दोन्हींचे उत्तम फोटो निघतात आणि निघाले. गेलं ते फोटोत न येणारं. क्षितिजाला चहूबाजूंनी लागलेली तांबूस संध्याकाळ, जमिनीवरचा तो चमत्कारिक राखी काळोख, पक्षी गप्प झाल्यावरची शांतता. शांतता तर जनरेटरच्या घरघरीत आधीच बुडालेली होती. सूर्याची पहिली तिरीप बाहेर पडली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि दिवे मात्र पुढची दोन-तीन मिनिटं जळतच राहिले. अंधारासाठी आम्ही इतक्या लांब गेलो होतो, आणि अंधाराचं बटण दुसऱ्याच्या हातात होतं. शिबिर चालवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. रात्री कुणी ठेचकाळू नये म्हणून दिवे लावले होते, आणि दिवसा ते लागतील हे बहुधा कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

पुढच्या वेळी आपलाच तंबू, हे मी परतीच्या वाटेवर ठरवलं. विचार करायला वेळही भरपूर मिळाला. शिबिराचा मुक्काम त्याच दुपारी संपत होता, सगळे एकदम निघाले आणि नुसत्या फाटकातून बाहेर पडायलाच काही तास लागले.

२०२४ साठी आम्ही दोन जागा आधीच विचारून ठेवल्या होत्या, एक टेक्सासात आणि एक आर्कान्सात, ओझार्क डोंगरांच्या बाजूला. दोन्ही खाजगी जमिनी, दोन्ही मालकांची परवानगी लेखी घेतलेली. मागच्या अनेक वर्षांच्या एप्रिलमधल्या ढगांचे आकडे पाहिले तर टेक्सासचं पारडं जड होतं, म्हणून ती पहिली पसंती. प्रत्यक्षात त्या आठवड्याचे अंदाज उलटे फिरले, टेक्सासवर ढग आणि आर्कान्सात उघाड. दोन दिवस आधी संध्याकाळी उपग्रहाची चित्रं बघून आम्ही गाडीत सामान भरलं आणि दिवसभर गाडी हाकत आर्कान्सा गाठलं. ग्रहणाच्या दिवशी टेक्सासात ढग येत-जात राहिले, काहींना दिसलं, काहींना नाही. आमच्या डोक्यावर फक्त विरळ तंतुमेघ होते, त्यातून सूर्य स्वच्छ दिसत होता.

हे शिबिरातून करता आलं असतं का? आलं असतं, कुणी बांधून ठेवत नाही. पण आगाऊ पैसे भरलेले असले, शेजाऱ्यांशी ओळखी झालेल्या असल्या, की पाय निघत नाही. ‘होईल मोकळं आकाश’ म्हणत माणूस बसून राहतो. एका घडीच्या तंबूला आणि आठ खुंट्यांना उठायला अर्धा तास पुरतो.

कुरणातल्या त्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. आकाशाबद्दल काही तक्रार नव्हती, तक्रारी जमिनीबद्दल होत्या. गवतात गोचीड होते, रोज संध्याकाळी पायमोजे उलटे करून तपासावे लागत. पहाटे इतकं दव पडलं की तंबूचं वरचं कापड पिळून वाळत घालावं लागलं. पाणी सगळं बरोबर नेलेलं, माणशी रोज पाच लिटर धरून, आणि तेही शेवटी जपून वापरलं. शौचाला खड्डा खणायचा आणि बुजवायचा, हे ज्याला जमणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये. मोबाइलला रेंज येत-जात होती, आणि ग्रहणाच्या दिवशी सकाळपासून तीही नाही. म्हणून संमीलन आणि उन्मीलनाच्या, म्हणजे सूर्य पुन्हा बाहेर येण्याच्या, वेळा आधीच कागदावर लिहून घड्याळात गजर लावून ठेवले होते. ‘चष्मे काढा’ म्हणायला तिथे कुणी नव्हतं. ते काम मुलीने केलं. आता ती पंधरा वर्षांची होती.

दुपारी दोनला थोडी मिनिटं असताना अंधार झाला आणि चार मिनिटांहून थोडा जास्त टिकला. डावीकडे वर गुरू, उजवीकडे खाली शुक्र, आणि सूर्याच्या खालच्या कडेवर नुसत्या डोळ्यांना दिसणारा गुलाबी ठिपका, ती एक ज्वाला होती. २०१७ चा करोना दोन बाजूंना लांब ओढल्यासारखा होता. हा चारी बाजूंनी पिंजारलेला, कारण सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात ऐन भरात होता. वारा पडला. आणि ओढ्याच्या बाजूने बेडूक ओरडायला लागले. आधी एक, मग पाच-सहा, मग सगळा ओढा. उजेड परतल्यावर ते एकेक करून गप्प झाले. आम्ही तिघं गवतात उभे राहून तेच ऐकत होतो. कुरणात एकही दिवा नव्हता.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. मालकाला आधीच ग्रहणानंतरची एक रात्र जास्तीची मागितली होती. लांबच्या हमरस्त्यावर गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग मध्यरात्रीपर्यंत हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा रस्ता रिकामा. तुम्ही शिबिर निवडा की तंबू, ही जास्तीची रात्र सोडू नका.

तंबूवाल्यांना एका गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे मध्यरेषेवर, चंद्राची सावली ज्या पट्ट्यातून सरकते त्याच्या ऐन मध्यावर, जागा मिळाली नाही तर काय? ती भीती फारशी खरी नाही. पट्ट्याच्या मध्यापासून कडेच्या निम्म्या वाटेवर तंबू टाकला तरी काळोखाचा वेळ साधारण तेरा टक्क्यांनीच कमी होतो. चार मिनिटांतली तीस सेकंद गेली, पण ऐन मध्यरेषेवरची गर्दी टळली. त्यापलीकडे कडेकडे सरकाल तसा वेळ मात्र झपाट्याने घटतो. पट्ट्यातली जागा निवडताना मी तरी मध्यरेषेपेक्षा पश्चिमेचं क्षितिज मोकळं आहे का आणि रात्री आसपास दिवे दिसतात का, हे आधी बघतो. त्यासाठी जागेवर आदल्या दिवशी नव्हे, दोन रात्री आधी पोचावं लागतं.

आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने वणवा पेटतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ओरेगनमध्ये ठिकठिकाणी उघड्यावर आग पेटवायला बंदी होती, आणि ती योग्यच होती.

मग शिबिर कुणी घ्यावं? बरोबर वयस्क माणसं असतील, अगदी लहान मूल असेल, कुणाला रोजची औषधं थंड जागी ठेवायची असतील, किंवा तंबूत कधीच झोपला नसाल, तर बेलाशक शिबिर घ्या. पहिल्याच वेळी खड्डा खणण्यापासून सगळं शिकायचं आणि ग्रहणही बघायचं, हे दोन्ही एकदम झेपेलच असं नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणात इजिप्तमधल्या लक्सरजवळ काळोख सहा मिनिटांच्या पुढे टिकणार आहे. या लांबीचा मोह कुणालाही होईल, मलाही झाला. पण ऑगस्टात तिथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात दिवसभर स्वतःच्या तंबूच्या भरवशावर राहायचं मी कुणालाही सुचवणार नाही. तिथे शिबिर किंवा पक्कं छप्परच हवं. त्याच ग्रहणाला स्पेनच्या दक्षिण टोकाशी, तारिफाजवळ, साडेचार मिनिटांच्या पुढे काळोख मिळतो. मात्र स्पेनमध्ये वाटेल तिथे तंबू टाकायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, आणि तारिफाचा वारा खुंट्या उपटणारा म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे तिथेही आखलेल्या तळावरच जावं लागेल. २२ जुलै २०२८ चं ऑस्ट्रेलियातलं ग्रहण मला तंबूसाठी जास्त जुळणारं वाटतं. वायव्येच्या किंबर्ली भागात तेव्हा कोरडा हंगाम असतो, काळोख पाच मिनिटांच्या आसपास, आणि वस्ती विरळ. आमची तयारी त्याचीच चालू आहे. जमिनीच्या परवानगीसाठी पत्रं लिहायला घेतलीत.

शिबिरातच जायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी त्यांना एक प्रश्न लेखी विचारा. खग्रास काळात आवारातले सगळे दिवे बंद ठेवणार का, शौचालयांवरचे आपोआप लागणारेसुद्धा? ‘हो, बघू’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, त्या वेळी जनरेटरपाशी कोण उभं असणार आहे.