‘द वुमन इन ब्लॅक’: १९८९चा पाहावा की २०१२चा?

सुसान हिल यांच्या १९८३ साली आलेल्या ‘द वुमन इन ब्लॅक’ या छोटेखानी कादंबरीवर दोन चित्रपट निघाले. पहिला ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीसाठी तयार झाला आणि १९८९ साली नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी दाखवला गेला; दुसरा, हॅमर या भयपटांसाठी नावाजलेल्या कंपनीचा, २०१२ साली चित्रपटगृहांत आला. लंडनच्या फॉर्च्यून थिएटरात २०२३च्या मार्चपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ चाललेले नाटक वेगळेच. ज्यांच्याकडे एकच रात्र मोकळी आहे आणि ज्यांना दोन चित्रपटांपैकी एकच निवडायचा आहे, त्यांच्यासाठी हा आढावा लिहीत आहे. शेवट अर्थातच सांगणार नाही.

दोन्हींचा सांगाडा एकच आहे. लंडनचा एक तरुण वकील, वारलेल्या एका वृद्ध विधवेच्या कागदपत्रांची निरवानिरव करण्यासाठी किनाऱ्याजवळच्या एका गावात येतो. तिचे घर खाजणाच्या पलीकडे आहे आणि तिथे जाणारी एकुलती एक वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. कोकणात किंवा गोव्यात ज्यांनी ओहोटीची वेळ साधण्यासाठी पावले उचलली आहेत, त्यांना या वाटेची धास्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. काळ्या वस्त्रांतली एक बाई तिथे अधूनमधून दिसते, आणि ती दिसली की एखादे मूल दगावते, अशी गावाची समजूत आहे. मात्र त्याविषयी कोणी तोंड उघडत नाही.

फरक पडतो तो ही बाई दाखवण्याच्या रीतीत. हर्बर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८९च्या चित्रपटात ती भर दिवसा, स्वच्छ उजेडात दिसते. घराजवळच्या छोट्या दफनभूमीत वकील उभा आहे, मागे काहीतरी असल्याची त्याला जाणीव होते, तो वळतो, आणि थडग्यांच्या पलीकडे ती नुसती उभी असते. तिला उडी मारायची नसते, हात पुढे करायचा नसतो. पॉलिन मोरान या अभिनेत्रीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर केवळ द्वेष असतो, आणि तो द्वेष नेमका आपल्यासाठीच आहे हे त्या माणसाला कळते. तो पळत घरात शिरतो, दारे लावतो आणि दिसेल तो दिवा लावत सुटतो. भर दुपारी एक मोठा माणूस घरभर दिवे लावत फिरतो, हे दृश्य मला कोणत्याही किंचाळीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

जेम्स वॉटकिन्स यांच्या २०१२च्या चित्रपटात तीच बाई काळोखात, आरशात, खिडकीच्या काचेवर येते आणि बहुधा कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह येते. हा प्रकार दचकवतो हे मान्य करायलाच हवे, पण दहाव्या दचक्यानंतर आपण पडद्यापेक्षा आवाजाच्या कळीकडे अधिक लक्ष देऊ लागतो. त्याची जमेची बाजू वास्तूत आहे. एसेक्समधल्या ओसी बेटाच्या वाटेवर चित्रित झालेले खाजण डोळ्यांत भरते, आणि चावीच्या खेळण्यांनी भरलेली मुलांची खोली तर कलादिग्दर्शनाचा नमुनाच म्हणावा लागेल. किआरन हाइंड्स यांचा शोकाकुल जमीनदारही लक्षात राहतो.

१९८९ची पटकथा नायजेल नील यांची आहे आणि तिथेच पारडे झुकते. भूत आणि यंत्र यांची सांगड घालणे हा नील यांचा जुना नाद. १९७२च्या ‘द स्टोन टेप’ या दूरचित्रवाणी नाटकात त्यांनी घराच्या भिंतींनाच ध्वनिमुद्रक ठरवले होते. इथे त्यांनी कथेचा काळ १९२५ धरला, त्या ओसाड घरात वीज निर्माण करणारे जनित्र ठेवले आणि मृत विधवेचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून ठेवला. दिवे मंदावू लागले की जनित्र थकत आहे एवढेच घडत असते, आणि तेवढ्यानेच पोटात गोळा येतो. धुक्यात न दिसणारा टांगा दलदलीत रुततो आणि घोड्याचा व मुलाचा आक्रोश तेवढा ऐकू येतो, तो प्रसंगही असाच आवाजावर उभा आहे. सरायीतल्या पलंगाजवळच्या प्रसंगाविषयी मात्र मी काहीच लिहिणार नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यावर तो अन्याय होईल.

एक गंमत जाता जाता. १९८९चा वकील झालेले एड्रियन रॉलिन्स पुढे हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हॅरीचे वडील झाले, आणि २०१२चा वकील झाला खुद्द हॅरी, म्हणजे डॅनियल रॅडक्लिफ.

जुन्या चित्रपटाच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिला अर्धा तास तो फारच सावकाश चालतो, आणि जाहिरातींसाठी ठेवलेल्या जागा आजही जाणवतात. शिवाय तो वर्षानुवर्षे बाजारात मिळत नव्हता. अनेकांनी पाहिली ती जुन्या टेपवरची पुसट प्रत. तेवढ्यावरून ज्यांनी तो निकालात काढला असेल, त्यांनी २०२०मध्ये निघालेल्या ब्लू-रेवर पुन्हा पाहावा, आणि शक्य असेल तर मूळ चौकोनी चौकटीतच पाहावा, कारण पडदा रुंद करण्यासाठी चित्र वरून-खालून छाटले की तिच्याभोवतीची मोकळी जागा कमी होते.

घरात किशोरवयीन मंडळी असतील आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचे असेल, तर २०१२चा लावावा. मात्र ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या प्रमाणपत्रासाठी काही सेकंद कापूनही पालकांनी त्याविषयी तक्रारी केल्या होत्या, हे लक्षात घेऊन लहानांना दूर ठेवावे. एकट्याने किंवा दोघांनी, दिवे मालवून पाहायचा असेल, तर १९८९चाच. आणि दोन्ही पाहण्याचा बेत असेल तर क्रमही तोच राहू द्यावा, कारण मुलांचे काय होते हे जुना चित्रपट हळूहळू उमगू देतो आणि नवा ते पहिल्या दोन मिनिटांतच दाखवून मोकळा होतो.