जागतिक युवा दिन की तेझे?

रविवारची मिस्सा सुटली की हल्ली चर्चच्या आवारात कोणी ना कोणी मला गाठतं. प्रश्न एकच असतो: ‘सोलला नाव देऊ, की त्या पैशात फ्रान्सच्या तेझेला, त्या प्रार्थनेच्या गावी, जाऊन येऊ?’ २०२७ मध्ये ३ ते ८ ऑगस्टला दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, आहे आणि आमच्या वसईत त्याची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. १९९५ च्या मनिलानंतर हा मेळावा प्रथमच आशियात येतोय, त्यामुळे ‘आता नाही तर कधी’ ही भावना मला समजते.

२०२३ मध्ये मी गटाबरोबर याच मेळाव्यासाठी पोर्तुगालमधल्या लिस्बनला गेलो होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा निवड करायची वेळ आली. त्याच गटाबरोबर रोमला युवकांच्या ज्युबिलीला, म्हणजे चर्चच्या पवित्र वर्षातल्या मेळाव्याला, जायचं, की एकट्याने फ्रान्समधल्या तेझेला जाऊन आठवडाभर राहायचं? मी तेझे निवडलं. लिस्बन आणि तेझे, दोन्हीकडे मला जे मिळालं ते आयुष्यभर पुरेल, म्हणून एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवायला मी बसलेलो नाही. पण ज्याला खरोखर निवड करायची आहे त्याला ‘दोन्ही छान’ या उत्तराचा काही उपयोग नाही.

आधी लिस्बनचं सांगतो, कारण तिथे मला मिळालेली एक गोष्ट तेझे कधीच देऊ शकणार नाही. आपण ख्रिस्ती इथे मूठभर. कॉलेजात वर्गात एखादा दुसरा ख्रिस्ती, ऑफिसात तर मी एकटाच. ‘तुम्ही ख्रिस्ती, मग मराठी कसं येतं?’ हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलोय. असा मुलगा लिस्बनच्या मेट्रोतून बाहेर पडतो आणि रस्ताभर आपल्याच वयाची पोरं जपमाळ गळ्यात घालून, झेंडे खांद्यावर टाकून गात चाललेली पाहतो, तेव्हा आत काहीतरी सैल होतं. ३ ऑगस्टला एडवर्ड सातवा उद्यानात पोप फ्रान्सिस म्हणाले की चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, आणि ‘तोदोस, तोदोस, तोदोस’ हे शब्द त्यांनी आमच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. सगळे, सगळे, सगळे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. समारोपाच्या मिस्साला १५ लाख लोक होते. मनिलाला तर त्याच्या दुपटीहून अधिक होते असं सांगतात.

वसईकराला लिस्बनमध्ये आणखी एक धक्का बसतो. बेकरीच्या पाटीवर परेरा, दवाखान्याच्या पाटीवर आल्मेडा, गल्लीच्या तोंडाशी लोपिस. आमच्या आळीतली आडनावं सगळीकडे. ज्या संत आंतोनीला आपण पादुआचा म्हणतो तो लिस्बनचा, कॅथेड्रलच्या शेजारीच त्याचं जन्मस्थान. लिस्बनमधल्या बेलेंच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की आठवतं, १५४१ मध्ये फ्रान्सिस झेवियर याच शहरातून गोव्याला निघाले होते. त्याच बेलेंमध्ये पापनिवेदनासाठी १५० कक्ष मांडले होते, ते तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलेले. मी ज्या कक्षात गुडघे टेकले तो कोणी घडवला असेल, हा विचार प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेतही मनातून गेला नाही.

मुख्य आठवड्याआधीचे धर्मप्रांतातले, म्हणजे एकेका बिशपांच्या विभागातले, दिवस तर सोन्यासारखे. आम्ही उत्तरेकडच्या एका छोट्या गावात कुटुंबांकडे राहिलो. माझ्या घरच्या आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या रात्री तिने माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं, स्वतःच्या दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि माझा हात धरून बसून राहिली. पुढे चार दिवस तिने मला कोबीचं सूप आणि पाव वाढला, आणि पावाला ती ‘पाऊं’ म्हणायची तेव्हा आम्ही दोघंही हसायचो. पैसे वाचवायला हे दिवस गाळून फक्त मुख्य आठवड्याला जाणारे गट मी पाहिले. तसं अजिबात करू नका. सोलच्या आधीही इतर धर्मप्रांतांत हे दिवस असणार आहेत. गाळायचीच असेल तर नंतरची सहल गाळा.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल. ती म्हणजे मोजणी.

आमच्या गटात ४२ जण होते आणि प्रत्येकाला एक नंबर दिलेला. माझा २७. बसमध्ये चढलं की मोजणी, उतरलं की मोजणी, मेट्रोच्या जिन्याखाली, जेवणाच्या रांगेत, शौचालयातून परत आल्यावर. कोणीतरी एक नेहमी कमी भरायचा. एकदा सकाळच्या धर्मशिक्षणाला निघालो आणि दोघे सापडेनात. ते मिळेपर्यंत ४० जण उन्हात फुटपाथवर बसून. आम्ही चर्चमध्ये पोचलो तेव्हा बिशपांचं प्रवचन संपून शेवटचं गीत चाललं होतं. चार दिवसांनंतर माझ्या लक्षात आलं की मी शहर बघतच नाहीये, माझ्या पुढच्या २६ नंबरच्या टोपीकडे बघत चाललोय.

तरीही मी हे सगळं विसरलो असतो, शनिवारची रात्र आली नसती तर. तेजो नदीकाठच्या मैदानावर जागरण प्रार्थना होती. दिवसभर उन्हात चालून आम्ही आमच्या विभागात पोचलो होतो, वेदी दूर ठिपक्याएवढी, समोर मोठा पडदा. अंधार पडला. पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीची, आराधना सुरू झाली आणि एवढा प्रचंड जनसमुदाय गुडघ्यांवर आला. मग शांतता पसरली. खरी शांतता, नदीवरून येणारा वारा ऐकू येईल इतकी. मी डोळे मिटले. घरी आजारी असलेल्या बाबांचं नाव घेऊन मी नुकतं बोलायला लागलो होतो, तोच मागून हलका आवाज जवळ येऊ लागला. ‘तेवीस... चोवीस... पंचवीस...’ आणि माझ्या खांद्यावर हात पडला. ‘सत्तावीस?’

मी ‘आहे’ म्हणालो. डोळे पुन्हा मिटले, पण जे सुटलं ते सुटलं.

मोजणाऱ्याचा दोष नव्हता, हे मनापासून सांगतो. १८-१९ वर्षांची पोरं, परकं शहर, रात्र आणि घरून येणारे फोन. त्याच्या जागी मी असतो तर मीही मोजलं असतं. पण इतक्या लांब येऊन, जगात क्वचितच मिळणाऱ्या त्या शांततेत मी २७ नंबर होतो, एवढंच मला आठवतं. रोमच्या यादीत नाव द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना रोम आलं ना ज्युबिलीत उघडणारं पवित्र द्वार. खांद्यावरचा तो हात आला.

तेझे हे बरगंडीतलं टेकडीवरचं छोटं गाव. १९४० मध्ये ब्रदर रॉजर तिथे आले आणि पुढे त्यांच्याभोवती संन्यस्त बंधूंचा संघ उभा राहिला. त्यात कॅथलिकही आहेत, प्रोटेस्टंटही. आपल्याकडे काहीजण इथेच थबकतात: ही कॅथलिक तीर्थयात्रा म्हणायची का? शंका रास्त आहे. जपमाळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मिरवणूक यांची ओढ असेल तर तेझेला चुकल्यासारखं वाटेल. मी माझी जपमाळ संध्याकाळी झऱ्याकाठी एकट्याने म्हणायचो. पण माझा विश्वास तिथे पातळ झाला नाही, उलट प्रश्नांना उत्तरं देता देता घट्ट झाला.

पॅरिसहून जलद गाडीने माकों, तिथून बस. प्रवास एकट्याचा होता म्हणून आई धास्तावली होती, मीही थोडा धास्तावलो होतोच. पोचल्यावर नाव सांगितलं, झोपायची जागा आणि कामाची पाळी कळली आणि मग मला कोणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने घंटा वाजू लागल्या. चारपाच घंटा एकात एक मिसळून कितीतरी मिनिटं वाजत राहतात. लोक हातातलं काम टाकून चर्चकडे चालू लागतात. कोणी हाकत नाही, कोणी शोधत नाही.

आत बाकं नाहीत, जमिनीवर बसायचं. युरोपातली पोरं पहिल्या दिवशी पाय कसे ठेवावेत म्हणून चुळबुळ करत होती आणि मी मांडी घालून आरामात. आळीतल्या क्रूसासमोर चटईवर बसून लहानपणापासून प्रार्थना केलेल्या माणसाला ते चर्च परकं वाटत नाही. गाणी दोनचार ओळींची, तीच पुन्हा पुन्हा म्हणायची, लितानीसारखी. पाचव्यासहाव्या आवर्तनाला लॅटिन आहे की स्पॅनिश हे विसरायला होतं. मग मध्येच शांतता, आठदहा मिनिटांची, रोज तीन वेळा. पहिल्या दिवशी मी मान वळवून मागे पाहिलं. सवयच ती, कोणीतरी मोजत येईल म्हणून. कोणी आलं नाही. बुधवारी दुपारच्या प्रार्थनेत लिस्बनला अर्धवट राहिलेलं बाबांसाठीचं मागणं मी पुरं केलं.

दोन्हीकडच्या क्रूसांबद्दल सांगतो. जागतिक युवा दिनाचा लाकडी क्रूस जवळजवळ चार मीटर उंच, १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणांच्या हाती दिलेला, देशोदेशी फिरलेला. तो खांद्यांवरून येताना पाहिला की छाती भरून येते. तेझेला शुक्रवारी रात्री क्रूसाचं चित्र जमिनीवर आडवं ठेवतात आणि एकेकजण गुडघ्यांवर सरकत जाऊन त्याला कपाळ टेकतो. माझी पाळी यायला बराच वेळ लागला. कपाळ टेकलं तेव्हा लाकूड ऊबदार लागलं, माझ्या आधी टेकलेल्या शेकडो कपाळांमुळे.

गाठीभेटींचंही असंच. लिस्बनला मी बिल्ले आणि रिबिनी भरपूर बदलल्या, फोटो काढले, पण त्यातल्या एकाशीही आज बोलणं नाही. तेझेला सकाळी बायबलवर एक बंधू बोलतात आणि मग आठदहा जणांच्या टोळक्यात चर्चा, आठवडाभर तेच टोळकं. स्वीडनची एक लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट, मुलगी तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘तुझे पूर्वज ख्रिस्ती कसे झाले?’ मी पोर्तुगीजांपासून सुरुवात केली, वसईचा किल्ला सांगितला, नागासाकीला क्रूसावर मरण आलेल्या आमच्या संत गोन्सालो गार्सियांपर्यंत पोचलो, आणि जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. दुपारी मोठमोठी पातेली घासायचं काम माझ्याकडे होतं. पातेल्यात अर्धं शरीर घालून घासताना शेजारच्या पोलिश मुलाशी जी मैत्री झाली ती अजून टिकून आहे.

तेझेच्या अडचणीही सांगायला हव्यात. जेवण अगदी साधं आणि आपल्या जिभेला फिकं, सकाळी पाव, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. लोणच्याची बाटली न्याच. पाऊस पडला की टेकडीवर चिखल. मेळाव्यासारखा जल्लोष नाही, पोप महोदय नाहीत, घरी दाखवायला फारसे फोटो नाहीत. आणि मोजणारं कोणी नाही याची दुसरी बाजू म्हणजे दोन दिवस मला ताप होता, तो मी स्वतः जाऊन सांगेपर्यंत कोणाला कळला नाही. लिस्बनला दहा मिनिटांत कळलं असतं. शिवाय व्हिसाची सगळी धावपळ एकट्यालाच करावी लागते, गटाबरोबर ती निम्मी होते.

पैशांच्या बाबतीत तेझे हलकं पडतं. तिथे राहण्याजेवणाची रक्कम तुम्ही कुठल्या देशातून आलात त्यावर ठरते आणि आपल्याला ती झेपण्यासारखी असते. खरा खर्च विमानाचा. माझं लिस्बन फातिमा आणि लूर्द ही तीर्थस्थळं जोडल्यामुळे बरंच महाग पडलं होतं.

तर निवड कशी करावी? वय १८-२०, पहिल्यांदाच देशाबाहेर, घरचे काळजीत, आणि आपण एकटे नाही हे एकदा डोळ्यांनी पाहायचं असेल, तर सोल. कोरियातलं चर्च तर सामान्य प्रापंचिकांनी सुरू केलेलं, पुस्तकं वाचून, धर्मगुरू पोचण्याच्याही आधी. १९८४ मध्ये तिथले १०३ हुतात्मे एकदम संत घोषित झाले. त्या मातीवर पाय ठेवायला मिळणं लहान गोष्ट नाही. पण पंचविशीच्या आसपास असाल, एक मोठा मेळावा पाहून झाला असेल किंवा मनात एखादा प्रश्न घेऊन फिरत असाल, नोकरीचा, लग्नाचा, देवाच्या हाकेचा, तर माझं मत विचाराल तर तेझे. तिथला आठवडा रविवार ते रविवार असतो. मधल्या दिवशी येऊन मधल्या दिवशी निघू नका, शुक्रवार आणि शनिवार चुकवण्यासारखे नाहीत.

आणि सोलचंच ठरलं, तर निघण्यापूर्वीच्या बैठकीत गटप्रमुखांकडे माझ्या वतीने एक विनंती करा. जागरणाच्या रात्री मोजणी आराधनेच्या आधी उरकून घ्या, आणि पुढची आराधना संपल्यावरच करा.