तीन फोन, एक सही: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनीच्या नावावर थोडं बिटकॉइन आणि इथर, म्हणजे क्रिप्टो चलन, आहे. ते पाठवायला गुप्त डिजिटल किल्लीने सही करावी लागते. पूर्वी ही किल्ली ज्यातून पुन्हा तयार होते तो चोवीस शब्दांचा कागद माझ्या कपाटात असायचा. मी परगावी गेलो की भागीदारांचा जीव टांगणीला. आठ महिन्यांपूर्वी थ्रेशोल्ड सहीवर, म्हणजे ठरावीक जणांनी मिळून करायच्या सहीवर, आलो. किल्लीचे तीन तुकडे तीन फोनवर: माझ्या, धाकट्या भावाच्या आणि मिरजेतल्या भागीदाराच्या. कोणतेही दोघे मिळून सही करतात.

देवळाच्या दानपेटीला तीन विश्वस्तांची तीन कुलपं असतात, तसं हे नाही. इथे कुलूप एकच आणि त्याची अख्खी किल्ली कधीच एका जागी येत नाही, अगदी सही करतानाही. दोन्ही फोन आपापल्या तुकड्यावर आकडेमोड करतात आणि शेवटी एकच सही बाहेर पडते. गुपिताचे तुकडे करून वाटण्याची जी रीत संगणकशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी 1979 मध्ये मांडली, तिच्यात वापरायच्या वेळी गुपित जोडावं लागतं. इथे ते टळतं, आणि मला याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं.

जूनच्या पावसात भागीदाराचा फोन हरवला. मी आणि भावाने बसून तुकडे नव्याने पाडले. वॉलेटचा पत्ता तोच राहिला, हरवलेला एकटा तुकडा निकामी झाला. मात्र जुने बॅकअप नष्ट करायलाच हवेत. जुने दोन तुकडे एकत्र आले तर किल्ली तीच निघते. ॲप हे कुठेच सांगत नाही, याचा मला राग आहे. नवा बॅकअप गावभागातल्या लॉकरमध्ये ठेवणार होतो. भाऊ म्हणाला, "दादा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं तर लॉकर उघडायला जाणार कोण?" 2019 चा पूर पाहिलेल्याला पुढे बोलायची गरज नव्हती. बॅकअप मिरजेला गेला.

आणखी एक उणीव म्हणजे ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, सही एकच दिसते, कोणत्या दोघांनी केली ते कळत नाही. सीएंनी नेमकं तेच विचारलं. म्हणून आता कोणी सही केली ते लिहायला वही ठेवलीय.

फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून चोरी होऊन सुमारे 150 कोटी डॉलरची मालमत्ता गेली, तेव्हा सह्या खऱ्याच होत्या. सही करणाऱ्यांना पडद्यावर भलतंच दिसत होतं. तेव्हापासून मला न वाचता केलेल्या सहीचीच धास्ती आहे. आमच्यात सही मागणारा फोन करून पैसे जिथे जाणार तो अख्खा पत्ता वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून जुळवतो. मे महिन्यात भागीदार लग्नात होता. बँडच्या आवाजात मधली अक्षरं ऐकू येईनात, तेव्हा तो कार्यालयाबाहेर रस्त्यावर आला आणि म्हणाला, "पहिल्यापासून वाच."