हाताला घट्ट लागणारं स्टेअरिंग: नागपुरात जुना ट्रॅक्टर घेताना होणारी फसवणूक

कळमेश्वर तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक शेतकऱ्याने नागपुरातल्या एका दलालाकडून जुना ट्रॅक्टर घेतला. स्टेअरिंग साधं होतं, पॉवर नव्हतं. दलालाच्या आवारात त्याने चालवून पाहिला, तेव्हा हाताला सगळं घट्ट लागलं. थोड्याच दिवसांत भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर आल्यावर ट्रॅक्टर डावी-उजवीकडे ओढू लागला आणि स्टेअरिंगचं चाक चांगलं वीतभर फिरवलं तरी पुढची टायरं जागची हलेनात. मग एका वर्कशॉपने ‘स्टेअरिंग बॉक्स पूर्ण नवा भरला’ म्हणून पैसे घेतले. ढिलाई महिनाभरात परत आली. दुसऱ्या मिस्त्रीने बॉक्स उघडला, तर आत जुनाच वर्म (आटे असलेला दांडा), त्याच्या नाळीतल्या जुन्याच पोलादी गोळ्या आणि ठासून भरलेलं ग्रीस. म्हणजे माणूस एकाच दुखण्यासाठी दोनदा लुबाडला गेला. दोन्ही वेळा युक्ती जवळपास एकच होती: झीज तशीच ठेवून चाक हाताला घट्ट भासवायचं. म्हणून ती नीट समजून घ्या.

साध्या स्टेअरिंगच्या बहुतेक ट्रॅक्टरांत बॉक्समध्ये वर्म शाफ्ट, त्यावर गोळ्यांवर चालणारा नट आणि त्याने फिरणारा, दाते असलेला सेक्टर शाफ्ट असतो. सेक्टर शाफ्टला बाहेरून ड्रॉप आर्म (लोंबती भुजा) बसतो, त्याला ड्रॅग लिंक (ओढणारा दांडा), पुढे टायरांना वळवणारा टाय रॉड. ट्रॅक्टर वावरात बहुतांश वेळ सरळ चालतो, त्यामुळे वर्म आणि नट मधोमध जास्त झिजतात, कडेचा भाग बराच शाबूत राहतो. बॉक्सच्या झाकणावर लॉक नटसह एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो. तो आवळला की मधली ढिलाई लगेच नाहीशी होते. पाच मिनिटांचं काम. पण झीज तशीच राहते आणि कडेच्या न झिजलेल्या भागात दाते एकमेकांवर घासू लागतात. वळणावर चाक जड होतं, आपोआप सरळ येत नाही आणि काही दिवसांत दात्यांवर ओरखडे पडतात. रस्त्यावर ट्रॉलीसह हे जिवावर बेतू शकतं.

ही युक्ती पकडायला एक जॅक पुरतो. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचा अ‍ॅक्सल मधोमध उचला, खाली मजबूत लाकडी ठोकळा द्या. आता स्टेअरिंगचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. निरोगी बॉक्स सगळीकडे सारखा फिरतो, फार तर मधोमध किंचित भारी लागतो. मधोमध बरा आणि बाजूला नेल्यावर जड होत असेल, अडखळत असेल, तर स्क्रू आवळून झीज लपवली आहे असं धरा आणि तिथेच व्यवहार थांबवा.

ग्रीसची गोष्ट वेगळी. सेक्टर शाफ्टचं ऑइल सील गेलं की बॉक्समधलं गिअर ऑइल ड्रॉप आर्मवरून गळतं. ते दिसू नये म्हणून ग्रीस ठासतात. जाड ग्रीसमुळे चाक हाताला घट्टही वाटतं. पण गोळ्यांच्या वाटेतून ग्रीस बाजूला सरलं की परत येत नाही आणि वर्म कोरडा चालतो. कंपनीने ऑइल सांगितलं असेल तर लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) उघडून बोट किंवा तार घालून पाहा. ग्रीस लागलं तर बॉक्स उघडावाच लागेल. स्टेअरिंगच्या मधली टोपीही काढून बघा: नटाशेजारी वेल्डिंगचा टिपका किंवा स्प्लाइनमध्ये (शाफ्टवरच्या खाचांत) पत्र्याची पट्टी सापडली तर चाकाचं हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, खराब आहे. बॉल जॉइंटच्या (लिंकच्या टोकाच्या फिरत्या सांध्याच्या) टोपीवर हातोड्याच्या खुणा असतील तर तोही ठोकून घट्ट केलेला समजा.

ढिलाई नेमकी कुठे आहे हे ठरल्याशिवाय कुणालाही काम देऊ नका. पुढची टायरं सरळ, जमीन कडक, इंजिन बंद. स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला खडूची खूण करा आणि टायर हलायच्या आधी चाक किती फिरतं ते टेपने मोजा. इंच-दीड इंच चालतं. दोन इंचांच्या वर गेलं की शोध घ्यायलाच हवा. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअल पाहा. मग एकाने चाक थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने वरून खाली बघत जावं. चाक फिरतं पण शाफ्ट नाही, तर हब. शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म नाही, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलतो पण ड्रॅग लिंक उशिरा हलते, तर बॉल जॉइंट. जॉइंटवर बोट ठेवलं की ठोका स्पष्ट लागतो. अ‍ॅक्सल उचलून टायर वर-खाली धरून हलवा: फक्त टायरचा हब हलत असेल तर बेअरिंग, तो ज्यावर बसतो त्या स्पिंडलसकट हलत असेल तर बुश. शेवटी पहारीने अ‍ॅक्सल पुढे-मागे ढकलून सेंटर पिनचा (ज्यावर तो मधोमध झुलतो त्या पिनचा) बुश पाहा. अनेकदा दोष एका बॉल जॉइंटमध्ये असतो आणि बिल मात्र अख्ख्या बॉक्सचं निघतं. हाच तपास न केल्याने सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

बॉक्स खरंच उघडायचा असेल तर समोर उभं राहा. ड्रॉप आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण झाली पाहिजे, नाहीतर चाक एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळतं. आर्म पुलरने काढावा; हातोड्याचे घाव शाफ्टमार्गे आतल्या दात्यांवर बसतात. सगळं डिझेलने धुऊन वर्मच्या नाळीवरून नख फिरवा, खड्डे लागले तर वर्म आणि नट जोडीनेच बदला. गोळ्या मोजून काढा, तेवढ्याच आणि सगळ्या एकाच मापाच्या नव्या टाका. जुन्या-नव्या मिसळल्या तर भार थोड्याच गोळ्यांवर येतो. सेक्टर शाफ्टचे बुश आणि सील एकाच वेळी बदला, कारण बुश ढिला असेल तर नवं सीलही लवकर फाटतं. आधी शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) वर्मचं बेअरिंग बसवायचं, मग चाक मधोमध ठेवून स्क्रू. उलट क्रमाने केलं तर दोन्ही चुकतं. नंतर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल लेव्हल प्लगपर्यंत, कॅसल नटांना (खाचा असलेल्या नटांना) नव्या स्प्लिट पिन, आणि टाय रॉड खोलला असेल तर टो-इन (पुढच्या टायरांचा समोरून किंचित आत असलेला कल) परत जुळवून घ्या.

पॉवर स्टेअरिंगमध्ये फसवणुकीची रक्कम वाढते, कारण महागडं युनिट बदलायला सांगतात. त्याआधी तेलाची पातळी, फेस येतो का, सिलिंडरच्या टोकांचे जॉइंट, एवढं तरी तपासून मागा.

बदललेले जुने भाग ताब्यात घ्या. बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या, नुसतं ‘स्टेअरिंग काम’ नको. ट्रॅक्टर घेताना दलालाकडून पैशांची सहीची पावती घ्या, आरसीवरचा इंजिन आणि चॅसी नंबर प्रत्यक्ष जुळवा, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. वर्कशॉपने पैसे घेऊन काम केलं नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि तिथे सगळ्यात आधी बिलच मागतात.