18,500 रुपयांची लाल लाइट

नाव लिहीत नाही, परभणीत सगळे ओळखतात. वीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवतोय, तरी फसलो.

वडिलांच्या जुन्या रेकॉर्डसाठी टर्नटेबल घेतला. अँपच्या (ॲम्प्लिफायरच्या) ऑक्सला, म्हणजे सीडी प्लेअर वगैरे जोडायच्या साध्या खाचेला जोडला, तर आवाज बारीक, चिरका. संभाजीनगरच्या एका ऑडिओवाल्याला विचारलं. "सर, तुमचा प्रीअँप कमजोर आहे, ट्यूबवाला लावा." प्रीअँप म्हणजे मुख्य अँपच्या आधी सिग्नल तयार करून देणारा भाग, अन् ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी. प्रीअँप 16,000, 'खास' वायर 2,500. 5,000 फोनवरून, 13,500 रोख. पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी पडेल म्हणाला, म्हणून बिल मीच नको म्हणालो. कोण नाही म्हणत?

दुकानात त्यानं बटण दाबलं आणि ट्यूब क्षणात लालभडक. तिथंच उठायला पाहिजे होतं! खऱ्या ट्यूबची तार तापायला वीस-तीस सेकंद लागतात. तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, हे मीच फळ्यावर लिहितो. वर काचेला हात लावून म्हणालो काय, "वा, गरमसुद्धा होत नाही!" तो हसला. आता कळतंय का हसला.

घरी आवाज मोठा झाला, चिरका तो चिरकाच. गल्लीतल्या रेडिओवाल्या मामूनं डबा उघडला. "सर, हे काय घेऊन आलाव?" ट्यूबच्या बुडाला एलईडी चिकटवलेला, पिना कशालाच जोडलेल्या नाहीत. काम करत होती 4558 ची आयसी, म्हणजे सिग्नल वाढवणारी साधी चिप, वीस रुपयांची.

आणि माझ्या अँपमध्ये साधा प्रीअँप होताच. सोर्स निवडायचं बटण अन् व्हॉल्यूम म्हणजे तोच की. रेकॉर्डची सुई देते जेमतेम 5 मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो 2 व्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस (जाड सूर) दाबतात, ट्रेबल (बारीक सूर) चढवतात. सिग्नल वाढवून ते उलटं करून द्यायला वेगळा, फोनो प्रीअँप लागतो. दोन-तीन हजारांत येतो. आधी अँपची पाठ बघा, 'फोनो' लिहिलेलं असेल तर तोही नको.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "वाजतंय ना? मग फसवणूक कशी?" दुसऱ्या टेबलावर, "पैसे तिकडं दिलेत, तिकडं जा." तिकडं गेलो, एक दिवसाची रजा घालून, तर "राहता परभणीला, तक्रार इथं कशाला?" हेल्पलाइनवालीला बिल नंबर पाहिजे, त्याशिवाय पुढं सरकत नाही म्हणे. एका हवालदारानं मात्र गणपतीच्या डीजेला कोणता अँप घ्यावा, ते अर्धा तास विचारून घेतलं.

बिल घ्या. 18 टक्के गेले तरी घ्या.

आणि हो, घरी मी 8,500 सांगितलेत.