रात्रीच्या स्ट्राइप्ड बाससाठी फ्लोटिंग लाइन की इंटरमीजिएट?

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही आठ-दहा मित्र मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर जमतो आणि सूर्यास्तापासून मध्यरात्र उलटेपर्यंत किनाऱ्यावर उभे राहून फ्लाय फिशिंगची (पिसांची हलकी कृत्रिम माशी, म्हणजे ‘फ्लाय’, जड दोरीच्या, म्हणजे ‘लाइन’च्या, वजनाने फेकून करायच्या मासेमारीची) आपसातली स्पर्धा खेळतो. दोघांची एक जोडी असते, जोडीदाराच्या साक्षीने पट्टीवर मोजलेल्या सर्वांत लांब तीन माशांच्या इंचांची बेरीज धरली जाते आणि प्रत्येक मासा जिवंत परत सोडला जातो. या राज्यात २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतला एक स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला समुद्री मासा) दिवसाला ठेवण्याची मुभा आहे, पण त्या रात्री आम्ही तोही ठेवत नाही. यंदा पहिल्यांदाच उतरणाऱ्या एका मित्राने विचारले, की नाइन-वेट (समुद्री माशांना पुरेल अशा ताकदीचा) रॉड आणि रील आहे, पण लाइन एकच घेणे परवडेल, तर ती फ्लोटिंग (पाण्यावर तरंगणारी) घ्यावी की इंटरमीजिएट (हळूहळू बुडणारी)? मी चार हंगाम एक आणि त्यानंतर आजतागायत दुसरी वापरली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात विचारलेत तर बहुतेक वेळा इंटरमीजिएट सुचवली जाते, आणि तो सल्ला चुकीचा नाही. ही लाइन सेकंदाला साधारण दीड ते दोन इंच बुडते, त्यामुळे लाटेची वरची खळबळ टाळून ती सरळ राहते, आणि मासा फ्लायला तोंड लावतो तेव्हा तो झटका बोटांपर्यंत लगेच पोहोचतो. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिथे खुल्या अटलांटिकच्या लाटा थेट येऊन फुटतात, तिथे फ्लोटिंग लाइनला प्रत्येक लाट उचलते, लाइनला ढील पडते आणि मासा येऊन गेलेला कळतही नाही. शिवाय इंटरमीजिएट बारीक असल्याने समोरच्या वाऱ्यात चांगली घुसते. तुम्ही प्रामुख्याने अशा उघड्या किनाऱ्यावर किंवा दिवसा होडीतून मासेमारी करणार असाल, तर पुढचे वाचण्याची कदाचित गरजही नाही.

आमची स्पर्धा मात्र बेटाच्या दुसऱ्या अंगाला, लॉब्स्टरव्हिलचा किनारा आणि मेनेम्शाच्या खाडीचे मुख या भागात होते. उन्हाळ्यातला नेहमीचा नैर्ऋत्येचा वारा तिथे पाठीमागून येतो आणि लाटाही सहसा लहान असतात, त्यामुळे इंटरमीजिएटचे वर सांगितलेले दोन्ही मोठे गुण तिथे फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे महत्त्व असते ते प्रवाहाला. ओहोटी लागली की खाडीतली बारीक मासळी मुखातून बाहेर वाहू लागते आणि बास प्रवाहाकडे तोंड करून, जागा न सोडता, समोर येईल ते उचलत राहतात. कोकणात खाडीच्या तोंडाशी गळ टाकणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. अशा वेळी फ्लाय ओढण्यापेक्षा ती वाहू देणे अधिक फळते, आणि त्यासाठी पाण्यावर पडलेली लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला पुन्हा मांडता आली पाहिजे. फ्लोटिंग लाइनने ते जमते. बुडालेली लाइन अशी उचलून मांडता येत नाही.

तरीही माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे. इंटरमीजिएट लाइन बुडालेली असल्याने पुढच्या फेकीआधी ती जवळजवळ सगळी आत ओढावी लागते, मग एक रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पुढेच वळवून टाकायची फेक) करून पाण्याच्या वर आणावी लागते आणि त्यानंतरच खरी फेक करता येते. दिवसा याचे काही वाटत नाही. अंधारात किती लाइन बाहेर आहे याचा अंदाज राहत नाही, मी घाईने अर्धवट बुडालेली लाइन उचलायला जायचो आणि फ्लाय पाठीमागच्या झुडपात किंवा माझ्याच जॅकेटमध्ये अडकायची. चौथ्या हंगामातल्या रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्यापासून तीसेक फुटांवर मासे पाणी फोडू लागले. तो पोकळ ‘टप्प’ आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. फ्लाय नुकतीच त्या जागेवरून पुढे वाहून गेली होती. मी लाइन गोळा करून पुन्हा फेकेपर्यंत शेजारच्या जोडीदाराने फ्लोटिंग लाइन उचलून त्याच जागी तीनदा ठेवली होती, आणि तिसऱ्या वेळी त्याचा रॉड वाकला. तो मासा ३४ इंचांचा भरला. त्याला पाण्यात उभा धरून, शेपटी मारून तो निघून जाईपर्यंत मी टॉर्च धरून होतो. आनंद मला त्याच्याइतकाच झाला, पण लाइनचा विचार त्याच रात्री पक्का झाला.

थंड पाण्यात पारदर्शक इंटरमीजिएटला वेटोळी पडतात आणि स्ट्रिपिंग बास्केटमध्ये (ओढलेली लाइन साठवायला कमरेला बांधलेल्या टोपलीत) तिच्या गाठी होतात, हाही अनुभव मला आला. पण विणलेल्या गाभ्याच्या, थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनमध्ये तो दोष बराच कमी आहे, म्हणून त्यावरून इंटरमीजिएटला कमी लेखणे योग्य होणार नाही.

फ्लोटिंगचीही एक अडचण आहे. मासे तळाशी असतील तर हलकी फ्लाय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मी अशा वेळी लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) दहा-अकरा फुटांपर्यंत वाढवतो आणि डोळ्यांच्या जागी शिशाचे मणी बांधलेली क्लाउझर मिनो ही फ्लाय लावतो. सहा-सात फूट पाण्यात माझे तेवढ्यावर भागते. मे-जूनमध्ये खाऱ्या तळ्यांत समुद्री किडे रात्री पृष्ठभागावर पोहू लागतात, तेव्हा तर बास अगदी वरच खात असतात आणि मला फ्लोटिंगशिवाय दुसरे काही सुचत नाही.

तुमची फेक माझ्यापेक्षा सफाईदार असेल तर इंटरमीजिएट तुम्हाला इतकी छळणार नाही, हे शक्य आहे. पण पहिलीच स्पर्धा, अंधार आणि खाडीचे मुख असा योग असताना मी मित्राला फ्लोटिंगच घ्यायला सांगितले आहे. माझी जुनी इंटरमीजिएट जास्तीच्या स्पूलवर गुंडाळून ठेवलेली आहे. वारा फिरून उत्तरेचा, म्हणजे समोरचा, झाला, तर ती रात्र त्याने माझ्या स्पूलवर काढावी.