सॉइल कन्झर्वेशन सर्व्हिसची रँच-योजना: गवताचा हिशेब पक्का, यंत्रांचा कच्चा

आधी मत सांगून टाकतो. १९५० च्या दशकात ग्रेट प्लेन्समधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यावरच्या कोरड्या गवताळ मैदानातल्या, रँचवाल्याला (मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्याला) सरकारकडून ज्या सेवा मिळाल्या, त्यांत सॉइल कन्झर्वेशन सर्व्हिसची ही रँच-योजना सर्वांत कामाची. पण तिची खरी किंमत होती गवत मोजण्याच्या पद्धतीत. ट्रॅक्टर, साखळदंड आणि विमानफवारणीचा जो भाग होता, त्यात पैसा बराच गेला आणि टिकलं त्या मानाने थोडं.

सेवा मिळायची कशी, ते थोडक्यात. डस्ट बोलच्या, म्हणजे १९३० च्या दशकातल्या अवर्षण आणि धूळवादळांच्या, धुळीत २७ एप्रिल १९३५ च्या कायद्याने अमेरिकेच्या कृषी खात्यात सॉइल कन्झर्वेशन सर्व्हिस (मृदसंधारण सेवा) उभी राहिली. ह्यू हॅमंड बेनेट तिचे पहिले प्रमुख. १९३७ पासून राज्याराज्यांत जमीनधारकांचे मृदसंधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. टेक्सासचा कायदा १९३९ चा. रँचवाल्याने आपल्या जिल्ह्याशी करार करायचा, मग सर्व्हिसचा तंत्रज्ञ येऊन त्याच्यासोबत कुरण फिरायचा आणि हवाई छायाचित्रावर जमिनीचे प्रकार, गवताची स्थिती, कुंपणं, पाणवठे आखून द्यायचा. शुल्क नाही, सक्तीही नाही. सक्ती नसल्यामुळेच अनेक योजना कपाटात धूळ खात पडल्या, हेही खरं.

आता गाभ्याकडे. सर्व्हिसमधल्याच ई. जे. डिक्स्टरहाइस यांनी १९४९ मध्ये मांडलेली स्थिती-वर्गवारी हा या योजनेचा कणा. एका जातीच्या जमिनीवर, तिथल्या पावसात, चराईचा अतिरेक नसता तर कोणतं गवत किती असतं, हे आधी ठरवायचं. मग आज उभ्या असलेल्या गवताचे तीन गट करायचे. चराई वाढली की घटणारी: लिटल ब्लूस्टेम, बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास. सुरुवातीला वाढणारी: मिश्र गवताच्या कुरणात बफेलोग्रास, ब्लू ग्रामा. आणि मूळच्या कुरणात ज्यांना जागाच नव्हती ते घुसखोर. गणित वजनावर चालतं, डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवाईवर नाही.

समजा एका तुकड्यात लिटल ब्लूस्टेम २० टक्के, साइडओट्स ग्रामा १५, बफेलोग्रास ४० आणि उरलेले २५ टक्के घुसखोर तण. त्या जमिनीच्या मार्गदर्शक तक्त्यात बफेलोग्रासला मूळ वाटा १० टक्केच असेल, तर ४० पैकी १० च धरायचे. घुसखोरांना शून्य. ब्लूस्टेम आणि साइडओट्स तक्त्याच्या मर्यादेत असल्याने पूर्ण धरले, तर बेरीज ४५. वर्ग असे: ७६ ते १०० उत्तम, ५१ ते ७५ चांगली, २६ ते ५० मध्यम, २५ पर्यंत वाईट. म्हणजे लांबून हिरवागार गालिचा दिसणारं हे कुरण ‘मध्यम’. नवख्या माणसाची इथेच फसगत होते. बफेलोग्रासचा गालिचा बघून तो खूश होतो, पण खोल मुळांचं उंच गवत निघून गेल्यामुळेच तो गालिचा पसरलेला असतो.

दुसरी मजबूत बाजू म्हणजे ‘अर्धं खा, अर्धं ठेवा’ हा नियम. ऐकायला हा बोधवाक्यासारखा वाटतो, पण त्याला मुळांचा आधार आहे. फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका छाटणीत गवताच्या पाल्याचा ४० टक्के भाग काढला तर मुळांची वाढ थांबली नाही. ५० टक्क्यांना २ ते ४ टक्केच मुळं थांबली. ६० टक्के काढला की जवळपास निम्मी थांबली, ७० टक्क्यांना ७८ टक्के, आणि ८० टक्के काढल्यावर सगळीच. ५० आणि ६० मधली उडी बघा. जनावरं आठवडाभर जास्त ठेवल्याने ‘थोडंसंच जास्त’ खाल्लं जातं, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय हे अर्धं वजनाचं आहे, उंचीचं नव्हे. गवताचं वजन बुडाशी दाटलेलं असतं. उंची निम्मी झाली तरी वजन निम्मं झालेलं नसतं. उंचीवर भरवसा ठेवून कुरण लवकर बंद करणाऱ्याचं गवत वाया जाईल, जमीन नाही.

मोजायचं कसं? तारेचं किंवा नळीचं ९.६ चौरस फूट क्षेत्राचं कडं घ्या. परीघ साधारण ११ फूट येतो. ते कुरणात दहा-बारा ठिकाणी टाका. जागा निवडू नका. डोळे चांगलंच गवत निवडतात. आतलं गवत जमिनीलगत कापा, हवेत वाळवा, ग्रॅममध्ये तोला. सरासरी ग्रॅम गुणिले १० म्हणजे एकरी पौंड. ओलं वजन धरलंत तर सगळा हिशेब फुगतो, कारण वाढीतल्या हिरव्या गवतात निम्म्याहून जास्त पाणीच असतं.

सरासरी १५० ग्रॅम आली असं धरू, म्हणजे एकरी १,५०० पौंड. अर्धं राखायचं, राहिले ७५०. त्यातलंही सगळं गाईच्या पोटात जात नाही. तुडवणं, शेण-मूत, कीटक, वारा यांत साधारण निम्मं जातं. हाती राहतात ३७५. हजार पौंडांची वासरासह गाय दिवसाला २६ पौंड वाळकं गवत धरली, तर वर्षाला ९,४९० पौंड. म्हणजे एका गाईला सुमारे २५ एकर. ही तुडवणीची वजावट विसरणारा रँचवाला बरोबर दुप्पट जनावरं सोडतो, आणि त्याचं ‘अर्धं’ पहिल्याच वर्षी संपतं.

योजनेची मोठी उणीव इथेच आहे. तक्त्यातला जनावरांचा आकडा सरासरी पावसावर बेतलेला असे, आणि त्या प्रदेशात सरासरीइतका पाऊस नेमाने पडतोय कुठे! टेक्सासमध्ये १९५० पासून १९५७ च्या वसंतापर्यंत अवर्षण चाललं. १९५६ अखेर २५४ पैकी २४४ काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर झाल्या होत्या. अशा वर्षांत नकाशावरचा आकडा म्हणजे निव्वळ शोभा. योजनेत कळपाचा काही भाग चटकन विकता येईल अशा वासरांचा ठेवावा, आणि गवताची मुख्य वाढ संपताच कडं टाकून विक्रीचा निर्णय घ्यावा. पाऊस येईल म्हणून थांबणाऱ्याला पडलेल्या बाजारात विकावं लागतं, आणि तोवर गवताची बुडखीही खाऊन झालेली असतात.

चराईबंदीबाबतचा सल्ला सरस. उंच गवताला ऐन वाढीत, बी धरेपर्यंत मोकळीक द्यायची. यातली सर्वांत सुटसुटीत मांडणी टेक्सासच्या सोनोरा संशोधन केंद्रात लिओ मेरिल यांनी १९४९ पासून राबवली: चार कुरणं, तीन कळप. प्रत्येक कुरण १२ महिने चरायचं, ४ महिने रिकामं. चक्र १६ महिन्यांचं असल्याने विश्रांतीचा काळ दर वेळी पुढे सरकतो आणि चार वर्षांत प्रत्येक कुरणाला प्रत्येक हंगामात एकदा मोकळीक मिळते. कुंपण जास्त लागत नाही, कळप सारखा हाकावा लागत नाही. अडचण एकच: चारही कुरणांची क्षमता साधारण सारखी हवी आणि प्रत्येकात पाणी हवं.

पाणी कुठे आहे त्यावर चराई कुठे होते ते ठरतं. गाई पाणवठ्याभोवती जमीन उघडी पाडतात आणि दीड-दोन मैलांवरचं गवत तसंच वाळतं. म्हणून एक मोठं तळं बांधण्यापेक्षा दोन लहान बरी. मिठाचे ठोकळे पाण्याजवळ ठेवायचे नाहीत. न चरलेल्या भागात न्यायचे. तळ्याच्या बांधकामात दोन गोष्टींवर अडून बसावं. बांधाखाली चिकणमातीचा गाभा-चर हवाच, आणि सांडवा भरावावर न काढता बाजूच्या मूळ जमिनीत काढायचा. भरावावरचा सांडवा पहिल्या मोठ्या लोंढ्यात बांधासकट जातो. वरचं पाणलोट उघडं असेल तर तळं गाळाने भरणार हे धरूनच चला.

पेरणी हा सर्वांत नाजूक भाग, आणि योजनेतली सूचना इथे काटेकोर आहे. नांगरून सोडलेल्या जमिनीवर थेट देशी गवत पेरायचं नाही. आदल्या उन्हाळ्यात ज्वारीवर्गीय पीक घ्या, ते बी धरायच्या आत कापा, धसकटं उभी ठेवा आणि पुढच्या वसंतात न नांगरता त्यातच गवत पेरा. धसकटं वारा अडवतात, खालची माती घट्ट राहते. बी पाव ते अर्धा इंच, त्याखाली नाही. पेरणीयंत्राच्या तव्यांना खोली आवरणारे पट्टे हवेत, पेटीत ढवळणी हवी, मागे दाबचाकं हवीत. ब्लूस्टेमचं बी कुसळी, भुरभुरीत. ढवळणी नसेल तर पेटीत त्याची कमान धरते आणि यंत्र रिकामं चालत राहतं. हे कळतं ते बहुधा उगवण झाल्यावर, रिकाम्या ओळी बघून.

बियाणं पोत्याच्या वजनावर घेऊ नये. शुद्धता गुणिले उगवणशक्ती, तेवढंच बी जिवंत. शुद्धता ४५ टक्के आणि उगवण ६० टक्के असेल तर पोत्यात खरं बी २७ टक्के. साइडओट्स ग्रामाच्या एका पौंडात सुमारे १,९०,००० दाणे. चौरस फुटाला २० दाणे हवे तर एकरी साडेचार पौंड जिवंत बी, म्हणजे या पोत्यातलं जवळपास १७ पौंड. पेरल्यावर निदान पहिला पूर्ण वाढीचा हंगाम जनावर आत नको, बहुतेकदा दुसराही नको. रोप हाताने ओढून बघावं. उपटून हातात आलं तर गाय ते मुळासकट खाणार.

वाणांच्या शिफारशी मात्र एकसारख्या नाहीत. १९४४ मध्ये प्रसारित केलेले ब्लॅकवेल स्विचग्रास आणि एल रेनो साइडओट्स हे देशी वाण आपापल्या पट्ट्यात भरवशाचे. याउलट किंग रँच ब्लूस्टेम हे परदेशी गवत सहज उगवतं म्हणून भरपूर पेरलं गेलं आणि देशी गवतांना रेटत रस्त्याच्या कडेपासून कुरणापर्यंत पसरलं. मुळात धूप थांबवायची म्हणून आणलेल्या या गवताला आता काढायचं कसं, हा टेक्सासमध्ये चालू प्रश्न आहे.

झुडपांच्या बंदोबस्ताला सर्वांत कमी गुण. दोन क्रॉलर ट्रॅक्टरांमध्ये जहाजाचा साखळदंड ओढून झाडं पाडणं दिसायला जबरदस्त, पण मेस्किट या काटेरी झाडाचे कोंब फुटतात ते जमिनीखालच्या बुडख्यातून. तो बुडखा जमिनीत राहिला की एका खोडाच्या जागी दहा उभी राहतात. जमिनीखालून मुळं कापणाऱ्या मूळ-नांगराने झाड मरतं, पण वरचं गवतही उलथतं, म्हणजे पेरणीचा खर्च आलाच. २,४,५-टी या झुडूपनाशकाची विमानफवारणी एकरी अर्धा पौंड या मात्रेत होई. शेंडा जळे, बुडातून पुन्हा फूट येई. त्यातल्या डायॉक्सिन या विषारी द्रव्याच्या भेसळीमुळे या रसायनाचे उरलेसुरले वापरही अमेरिकेत १९८५ मध्ये बंद झाले. जुन्या फायलीतला तो परिच्छेद सरळ खोडावा. ॲश ज्युनिपर हे सदाहरित झाड मात्र सोपं: सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापलं की पुन्हा फुटत नाही. रेडबेरी ज्युनिपर फुटतो, तेव्हा कापण्याआधी जात ओळखा.

उताराला समपातळीत काढायचे चर घट्ट मातीच्या, आखूड गवताच्या कुरणात उपयोगी, वाळूत निरर्थक. आखणी रेषेवरून जरा घसरली की पाणी एका जागी जमतं, चर फुटतो आणि ओघळ तयार होते.

पैशाची बाजू ७ ऑगस्ट १९५६ च्या ग्रेट प्लेन्स कायद्याने बदलली. दहा राज्यांत, पूर्ण रँचच्या आराखड्यावर ३ ते १० वर्षांचा करार, आणि कामानुसार खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा सरकारचा. दर वर्षी सुटं काम करून अनुदान घेण्यापेक्षा ही रचना कितीतरी चांगली, कारण आधी कुंपण-पाणी, मग विश्रांती, मग पेरणी असा क्रम लावता येतो. पण पैसा काम झाल्यावर आणि तपासल्यावरच मिळे, त्यामुळे हातात रोख नसलेल्याला आधी कर्ज काढावं लागे. भाड्याच्या जमिनीवर तर करारभर ती आपल्या ताब्यात राहील हे दाखवावं लागे. वर्षावर्षाच्या भाडेपट्ट्यावर जगणाऱ्याने आधी मालकाला राजी करावं, आणि तो राजी नसेल तर कडं, ताजवा आणि जनावरांची संख्या एवढ्यावरच काम चालवावं. त्याला कोणाची सही लागत नाही.